समाधान आणि स्वस्थता

'समाधान' हा मराठी माणसाच्या नित्य वापरातला शब्द आहे. जेवण झाल्यावर समाधान होते, मुलीचे लग्न पार पडले की समाधान वाटते आणि व्याख्यानाच्या शेवटी वक्ता शंकांचे समाधान करतो. तिन्ही प्रयोगांत शब्द एक असला तरी आशय एक नाही. पहिल्यात गरज शमते, दुसऱ्यात कर्तव्य पुरे होते आणि तिसऱ्यात विस्कटलेला विचार पुन्हा जुळतो. 'सम् + आ + धा', म्हणजे एकत्र नीट ठेवणे, ही व्युत्पत्ती पाहता तिसरा अर्थच मूळाच्या सर्वांत जवळचा ठरतो. वेदान्ताने शमदमादी षट्कात समाधानाची गणना केली, तीही चित्ताची एकाग्रता या अर्थाने. इच्छापूर्तीच्या सुखाशी तिचा संबंध नाही. व्यवहारात मात्र समाधान आणि स्वस्थता यांची गल्लत होते, आणि ती केवळ शब्दांपुरती राहत नाही.

या गल्लतीचे स्वरूप दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांतील पद्मनाभपूरसारख्या वस्तीत स्पष्ट होते. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो १९५५ मध्ये; पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. या कारखान्याभोवती एक निश्चित जीवन आकाराला आले: ठरलेली पाळी, ठरलेल्या तारखेचा पगार, दवाखाना, शाळा, भविष्यनिर्वाह निधी. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात वसत आलेल्या मराठी कुटुंबांनाही या निश्चितीचा लाभ झाला. ज्यांच्या आजोबांनी दुष्काळ पाहिला, त्यांच्या या स्वस्थतेला कोणी हिणवू नये. प्रश्न तिच्यापुढचा आहे. घर बांधून होते, मुले दूरच्या शहरांत स्थिरावतात, निवृत्तीनंतर पाळी संपते. आणि कशाचीच वाण नसलेल्या संध्याकाळी मन मात्र जागेवर राहत नाही. ही कृतघ्नता नव्हे. गरजा भागल्या, पण जोडणी राहून गेली, याची ती जाणीव असते.

यावर संतवचनांचा आधार घेऊन 'आहे त्यात सुख मानावे' असे सांगितले जाते. हा उपदेश सांगणारा भरल्या पोटी असतो आणि ऐकणारा बहुधा उपाशी, एवढ्यावरूनच त्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. शिवाय संतपरंपरेचा एवढाच अर्थ नाही. रामदासांनी यत्नाला दिलेले स्थान सर्वपरिचित आहे. त्यांचा 'दासबोध' हिंदीत नेला तो रायपूरला कर्मभूमी केलेल्या माधवराव सप्रे यांनी. 'हिंदी केसरी'तील लेखनाबद्दल १९०८ मध्ये त्यांना अटक झाली आणि माफीपत्रावर सुटका झाली. त्याची खंत त्यांच्या मनातून गेली नाही. ते एकांताकडे व रामदासी उपासनेकडे वळले. तथापि त्यांची साधना एकांतात संपली नाही. 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हे दोन्ही ग्रंथ त्यांनी हिंदी वाचकांच्या हाती दिले. मोडलेले मन दुसऱ्यांसाठी केलेल्या कामातून सांधता येते, असे या चरित्रावरून मानण्यास जागा आहे.

याच परिसरात, दुर्गपासून तीसेक किलोमीटरवरील राजनांदगावला, गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून महाविद्यालयात अध्यापन करीत होते. मराठी घरातल्या या हिंदी कवीने असमाधानालाच नैतिक मूल्य मानले. 'अंधेरे में' या दीर्घ कवितेतील मध्यरात्रीच्या मिरवणुकीत दिवसा प्रतिष्ठित असलेली माणसे गुन्हेगारांसोबत चालताना दिसतात. स्वस्थतेच्या आड काय दडू शकते, याचे एवढे भेदक दर्शन विरळा. मग जागरूक माणसाला समाधान वर्ज्यच मानावे काय?

या शंकेचे उत्तर ग्रंथापेक्षा कृतीत अधिक सापडते. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणकामगारांनी १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभारले. १९७७ च्या गोळीबारात मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांची स्मृती त्या नावात आहे. या कामगारांचे नेते शंकर गुहा नियोगी संघर्ष आणि निर्माण यांना एकाच कार्याची दोन अंगे मानत. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत त्यांची हत्या झाली. अन्यायाविषयी असमाधानी राहूनही ज्या हातांनी रुग्णालयाची भिंत रचली, त्या हातांना समाधान ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तेथे स्वस्थता नव्हती, समाधान होते.

अर्थात प्रत्येकाच्या वाट्याला रुग्णालय उभारणे येत नाही, आणि येण्याची गरजही नाही. पद्मनाभपूरच्या निवृत्त गृहस्थाला शेजारच्या मुलाचे गणित घेता येते, आजाऱ्याच्या उशाशी बसता येते, वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या भावाला पत्र लिहिता येते. ही कामे किरकोळ दिसतात, पण मोजमाप तेच आहे. दार लावून घेतल्याशिवाय जी टिकत नाही ती स्वस्थता. दार उघडे राहिले, बाहेरचे दुःख आत आले, तरीही जे मोडत नाही ते समाधान. पहिली मिळकतीतून येते. दुसरे रोज थोडे थोडे जुळवावे लागते, आणि ते जुळवण्याचे काम कोणत्याही वयात निवृत्त होत नाही.