कारागिरीचे पुनरुज्जीवन आणि जव्हार-मोखाड्याचा कारागीर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये उभ्या राहिलेल्या आणि 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कला-कारागिरी चळवळीचे वर्णन सामान्यतः यंत्राविरुद्धचे बंड असे केले जाते. परंतु तिच्या मूळ लेखनाकडे वळल्यास तिचा खरा रोख यंत्रावर नसून कारखान्याने मजुराची जी अवस्था करून टाकली होती तिच्यावर होता, हे ध्यानात येते. 1851 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जगभरच्या औद्योगिक मालाचे प्रदर्शन भरले. त्याच सुमारास प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'दि स्टोन्स ऑफ व्हेनिस' या ग्रंथात जॉन रस्किन याने असे प्रतिपादन केले की मध्ययुगीन चर्चच्या भिंतींवरील ओबडधोबड कोरीवकाम गुळगुळीत आधुनिक कामापेक्षा श्रेष्ठ ठरते, कारण त्या ओबडधोबडपणातून पाथरवटाला स्वतःच्या मनाप्रमाणे काम करण्याची मुभा होती याची खूण पटते. वस्तू कशी दिसते याच्याआधी ती घडवणारा कसा जगतो हे विचारावे, अशी ही नवी कसोटी होती आणि आजही तिच्याइतकी कडक दुसरी कसोटी कारागिरीच्या क्षेत्रात सापडत नाही.

विल्यम मॉरिस याने ही कसोटी प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न केला. 1861 मध्ये मित्रांसह त्याने सजावटीच्या वस्तूंची पेढी काढली, वनस्पतिज रंगांनी कापड रंगवण्याची जुनी विद्या स्वतः हात रंगवून शिकून घेतली आणि 1891 मध्ये केल्मस्कॉट छापखाना सुरू करून पुढच्याच वर्षी रस्किनच्या ग्रंथातील हे प्रतिपादन असलेले प्रकरण हाताने चालणाऱ्या यंत्रावर छापले. मात्र हाताने केलेली वस्तू महाग पडते, महाग वस्तू श्रीमंतच घेतात आणि ज्या कष्टकऱ्यासाठी हा सारा खटाटोप त्याच्या घरी ती कधी पोहोचत नाही, हे शल्य त्याला आयुष्यभर टोचत राहिले. 1883 मध्ये तो समाजवादी चळवळीत उतरला त्यामागे हे एक प्रमुख कारण होते. त्याचा अनुयायी चार्ल्स ॲशबी याने 1902 मध्ये आपला कारागीर संघ लंडनहून चिपिंग कॅम्पडेन या खेड्यात नेला खरा, पण सहा वर्षांच्या आत तो संघ मोडला, कारण त्याच धाटणीच्या चांदीच्या वस्तू मोठी दुकाने यंत्रावर काढून स्वस्तात विकू लागली होती.

हा इतिहास पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांच्या संदर्भात आठवावा लागतो, याचे कारण असे की सह्याद्रीच्या उतरणीवरील या डोंगराळ पट्ट्यात, जिथे वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी समाज राहतात, कारागिरीच्या पुनरुज्जीवनाचा भारतीय प्रयोग आणि कारागिराच्या जगण्याचा प्रश्न हे दोन्ही शेजारी शेजारी उभे आहेत, आणि त्यांची गाठ अजून पुरती पडलेली नाही.

इंग्लंडमधील या विचाराचे मुंबईशी नाते जुने आहे. लॉकवूड किपलिंग 1865 मध्ये जे. जे. कला विद्यालयात शिकवण्यासाठी आला, आणि मुंबईत दीर्घकाळ राहिलेल्या जॉर्ज बर्डवूड याने 1880 मध्ये भारताच्या औद्योगिक कलांवर ग्रंथ लिहून खेड्यातील स्वयंपूर्ण, समाधानी कारागिराचे एक मोहक चित्र युरोपापुढे ठेवले. आनंद कुमारस्वामी यांनी तर 1908 मध्ये सिंहली कलेवरचा आपला ग्रंथ मॉरिसच्याच छापखान्यातील यंत्रावर छापला. बर्डवूडच्या चित्रात एक मोठी उणीव होती: खेड्यातला सावकार आणि जमीनदार त्यात नव्हता. जुन्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासी पट्ट्यात वेठबिगार, म्हणजे विनामोबदला सक्तीचे काम, आणि लग्नगडी, म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी सावकाराकडे वर्षानुवर्षे राबणारा तरुण, या प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होत्या. त्या मोडून काढण्यासाठी 1945 मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांना लढा उभारावा लागला. ज्याच्या श्रमावर त्याची स्वतःची मालकी नाही त्याच्या हातच्या वस्तूतील निरागसतेचे कौतुक करणे हा त्या माणसावर केलेला अन्यायच होय.

स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय, पुपुल जयकर यांच्या प्रयत्नांनी हस्तकलेला शासकीय आधार मिळाला. याच यंत्रणेशी संबंधित असलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी बिहारमधील मधुबनीचे काम करून आल्यावर 1970 च्या दशकाच्या आरंभी वारली पाड्यांवर पोहोचले. तोपर्यंत वारली चित्र हे प्रामुख्याने लग्नाचे चित्र होते: कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने सारवून गेरूने रंगवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहीत, त्याच्या मध्यभागी पालघट देवी येई आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणे. कुलकर्णी यांनी दिलेल्या कागदावर ते चित्र उतरले तेव्हा डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्या हातून त्यात शेत, मासेमारी, तारपा नाच, मुंग्यांच्या रांगा असे अवघे जग आले. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांचे प्रदर्शन झाले, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे यश अस्सल आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही त्याच्या दोन परिणामांची नोंद घेतली पाहिजे. एक म्हणजे जे लेखन स्त्रियांचे होते ते बाजारात आल्यावर बव्हंशी पुरुषांच्या नावे झाले. दुसरा म्हणजे दोन त्रिकोण जोडून केलेली ती मानवाकृती इतकी सुटसुटीत आहे की कप, चादरी, उपाहारगृहांच्या भिंती अशा सर्वत्र ती यंत्राने छापली जाऊ लागली. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभले, पण छापील नकलांचा पूर त्याने ओसरलेला नाही. ॲशबीच्या संघाला ज्याने बुडवले तेच संकट हे.

या पार्श्वभूमीवर बोहाड्याच्या मुखवट्यांकडे पाहणे उद्बोधक ठरते. बोहाडा हा या भागातील मुखवटानृत्याचा उत्सव. होळीनंतर गावोगावी तो होतो आणि त्यात गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, त्राटिका, खंडेराव अशी सोंगे रात्रभर एकामागून एक नाचत येऊन अखेरीस देवी आणि महिषासुराच्या युद्धापर्यंत खेळ चढत जातो. सोंग नाचवण्याचा मान विशिष्ट घराण्यांकडे परंपरेने असतो. पूर्वी मुखवटे लाकडाचे असत. पुढे कागदाच्या लगद्याचे होऊ लागले, आणि हा बदल बाहेरच्या कोणी तज्ज्ञाने सुचवलेला नसून कामाच्या निकडीतून आलेला दिसतो, कारण संबळाच्या ठेक्यावर गोल फिरत नाचणाऱ्याला डोक्यावरचे ओझे हलके हवे असते. लगद्याचा मुखवटा थरावर थर चढवून करावा लागतो आणि आधीचा थर पुरता वाळल्याखेरीज पुढचा चढवता येत नाही, त्यामुळे घाई करणाऱ्याचा मुखवटा आतून ओला राहतो आणि तडकतो. रावणाची जास्तीची तोंडे दोन्ही बाजूंना तोलून बसवावी लागतात, नाहीतर नाचणाऱ्याची मान एका अंगाला ओढली जाते; नरसिंहाचा जबडा आणि बटबटीत डोळे लांबून, कमी उजेडातही ओळखू यावेत इतके ठळक लागतात. ज्या गावासाठी हे काम होते ते गाव जन्मभर सोंगे पाहत आलेले असल्यामुळे त्याच्याइतका कडक परीक्षक कोणत्याही कलादालनात भेटणार नाही.

वारली चित्राला जे शहरातल्या रसिकाकडून मिळाले ते मुखवटा घडवणाऱ्याला गावाकडून मिळत आले आहे, ते म्हणजे कामाची कसोटी आणि कामाचे कारण. म्हणूनच दिवाणखान्यात टांगण्याजोगे, नाचण्यास निरुपयोगी असे छोटे मुखवटे ही या कारागिरीची वाढ समजण्यात धोका आहे. ते विकले जावेत, कारण त्यातून घर चालते. पण योजना आखणाऱ्यांनी त्यांनाच मुख्य उत्पादन मानून मोठ्या सोंगाचा मुखवटा अडगळीत टाकला, तर काही वर्षांत लगद्याला तोल देणारा हातच उरणार नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र वेळेचा आहे. जव्हार-मोखाड्यात पाऊस दांडगा, पण शेती नाचणी, वरई आणि भाताच्या एका हंगामाची. 1992-93 मध्ये जव्हारमधील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी या दारिद्र्याकडे सगळ्या राज्याचे लक्ष वेधले होते. भाताची कापणी-झोडणी उरकली की दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, ठाणे या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. बांबूची सूप, टोपली, कणगी विणणारा हात वर्षातले कोरडे महिने, म्हणजे नेमका कारागिरीला मोकळा असणारा काळ, विटा पाडण्यात घालवतो. उचल म्हणून आधी घेतलेली रक्कम कामातून फेडायची ही तिथली रीत लग्नगड्याच्या जुन्या प्रथेची आठवण करून देणारी आहे. प्रशिक्षण शिबिरे, प्रमाणपत्रे आणि प्रदर्शने यांतून कौशल्य वाढते हे खरे, परंतु या भागात उणीव कौशल्याची नसून कौशल्य वापरण्याजोग्या दिवसांची आहे.

कच्च्या मालाचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात करून तो गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क ग्रामसभेच्या हाती येण्याची वाट मोकळी केली, आणि 2017 मध्ये वनक्षेत्राबाहेरील बांबूला भारतीय वन अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आले. ज्या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळून तो प्रत्यक्षात वापरता येतो, त्या गावातील बुरूडकामाला कोणत्याही पुरस्कारापेक्षा तो हक्क अधिक उपयोगी पडेल. मॉरिसने कारागिरीचा विचार करता करता राजकारणात पाऊल टाकले ते याच तर्काने, आणि जव्हार-मोखाड्यात तर तो तर्क अधिकच लागू पडतो.

दिवाळीच्या दिवसांत या तालुक्यांतील पाडे स्थलांतराच्या तयारीत असतात. दिवाळीच्या खरेदीत ज्यांना वारली चित्र किंवा बोहाड्याचा मुखवटा घ्यायचा असेल त्यांनी छापील नक्कल न घेता तो घडवणाऱ्याचे नाव विचारून शक्यतो त्याच्याच हातून घ्यावा, सांगेल त्या किमतीत घासाघीस करू नये, आणि मोठे काम हवे असल्यास ते तेव्हाच सांगून आगाऊ रक्कम द्यावी, म्हणजे निदान एखाद्या घराला वीटभट्टीची उचल घ्यावी लागणार नाही.