लॅपटॉप कंपनीचा, डोळे आपले

कंपनीच्या लॅपटॉपवर एखादं सॉफ्टवेअर टाकायला गेलं की ॲडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी उघडते आणि काम तिथंच अडतं. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत नोकरी करणाऱ्या कुणालाही ही खिडकी ओळखीची आहे. तिच्यावर वैतागणाऱ्यांची बाजू मला घ्यायची आहे. पण ती खिडकी हवीच, हे आधी मान्य करायला हवं.

जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत शिरला. न्हावा शेवा इथल्या जेएनपीटी बंदरातलं तिचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीला सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. या व्हायरसची एक युक्ती अशी होती, की संगणकाच्या मेमरीत पडून असलेले पासवर्ड उचलायचे आणि त्यांच्या जोरावर शेजारच्या संगणकात घुसायचं. ॲडमिनचा पासवर्ड हाती लागला की पुढचा रस्ता मोकळा. म्हणून आपल्या लॅपटॉपवर पूर्ण अधिकार मागणं हा आपल्यापुरता प्रश्न राहत नाही. त्याचा भुर्दंड दुसऱ्या मजल्यावरच्या, दुसऱ्या देशातल्या माणसाला पडू शकतो.

हा विचार जुनाच आहे. १९७५ साली जेरोम साल्त्झर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकाच्या सुरक्षिततेवर एक निबंध लिहिला. कामापुरतेच अधिकार द्यावेत, हे त्यातलं तत्त्व आज प्रत्येक आयटी विभागाला तोंडपाठ आहे. त्याच निबंधात एकूण आठ तत्त्वं आहेत आणि शेवटचं असं, की सुरक्षेची व्यवस्था माणसांना सहज वापरता येईल अशी हवी, म्हणजे ती आपसूक नीट पाळली जाईल. या तत्त्वाची आठवण मात्र फारशी कुणी ठेवलेली दिसत नाही.

त्याचा परिणाम कसा होतो, हे चाकणच्या एका कारखान्यात मी पाहिलं आहे. तिथल्या एचआरमधल्या बाईंना कामगारांसाठी मराठीत नोटीस काढायची होती. लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड जोडायचा, तर सेटिंग्जमधलं भाषेचं पानच बंद. आयटी विभागाकडे तक्रारीचं तिकीट टाकलं, ते ‘पॉलिसीप्रमाणे शक्य नाही’ असा शेरा मारून बंद झालं. मग त्यांनी नोटीस स्वतःच्या मोबाइलवर टाइप केली, व्हॉट्सॲपवरून सहकाऱ्याला पाठवली, त्याने ती घरच्या संगणकावरून छापून आणली. नोटिशीत कामगारांची नावं होती, रजांचा हिशेब होता. जी माहिती कंपनीच्या लॅपटॉपमध्येच राहावी म्हणून एवढा बंदोबस्त, ती त्या बंदोबस्तामुळेच बाहेर पडली. आणि बाईंचं काय चुकलं? काम वेळेत व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं.

कीबोर्डची भाषा, अक्षरांचा आकार, पडद्याचा उजेड, माउसचा वेग या गोष्टी वापरणाऱ्याच्या शरीराच्या आणि भाषेच्या आहेत. पन्नाशीतल्या अकाउंटंटने एक्सेलमधले आकडे दिसावेत म्हणून अक्षरं मोठी केली, तर कुठला चोर आत शिरणार आहे? हे सरसकट बंद ठेवण्यामागे बहुतेक वेळा धोक्याचा हिशेब नसतो, सगळे लॅपटॉप एकसारखे असले की सांभाळायला सोपे जातात, एवढंच असतं. ती सोयही खरी आहे, आयटीत माणसं कमी असतात हेही खरं. पण सोयीला सुरक्षा म्हणू नये. दर दोन-तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्तीही वर्षानुवर्षं सुरक्षेच्याच नावाने चालली. २०१९ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठीच्या आपल्या शिफारशींतून ती काढून टाकली. तरी कितीतरी कार्यालयांत ती अजून सुरूच आहे.

शिवाय कंपनीने सगळे अधिकार स्वतःकडे घेतले की जबाबदारीही सगळी तिच्याकडे येते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देण्याची वेळ आली. पुष्कळ संगणकांवर उपाय होता तो एवढाच: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकायची. पण फाइल काढायला ॲडमिनचे अधिकार हवेत, आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हवी. दोन्ही आयटीकडे. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला वाट बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आयटीतली मंडळीही एकेका संगणकामागे धावून दमली. त्या दिवशी अधिकार राखून ठेवणं चुकीचं होतं, असं मी म्हणणार नाही. पण असे अधिकार राखून ठेवणाऱ्या कंपनीने हाकेला धावून येईल इतकी माणसंही नेमायला हवीत, आणि त्यांचा पगार हा त्या बंदोबस्ताचाच खर्च धरायला हवा.

तिकीट बंद करताना ‘पॉलिसीप्रमाणे शक्य नाही’ एवढ्यावर भागवू नये. कोणत्या धोक्यासाठी हे बंद आहे, ते त्याच तिकिटावर एका ओळीत लिहावं. अक्षरांच्या आकाराबद्दल किंवा मराठी कीबोर्डबद्दल ती ओळ लिहायला बसलं आणि काही सुचलं नाही, तर त्याच दिवशी ते सेटिंग उघडून द्यावं.