निवाड्यात वकिलाचा वाटा

तलावात किंवा रस्त्यात शेत गेलेला माणूस वाढीव मोबदल्यासाठी वाशीम जिल्ह्यातल्या कोर्टाची पायरी चढतो, तेव्हा त्याच्या हातात एक पिशवी असते. तीत सातबारा, मोजणीचा नकाशा, निवाड्याची नक्कल आणि घडीवर फाटत आलेली नोटीस. पैसे मात्र नसतात. अशा वेळी कुणी म्हणते, ‘फीचं राहू द्या, टक्क्यावर घेऊ.’ त्याला हायसे वाटते. हरलो तर काही द्यायचे नाही. जिंकलो तर त्यातले थोडे गेले, म्हणून काय बिघडले?

बिघडते ते इथेच. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ अन्वये बार कौन्सिल ऑफ इंडियाने घालून दिलेल्या आचारनियमांतला विसावा नियम स्पष्ट आहे: निकालावर अवलंबून फी ठरवू नये, मिळणाऱ्या रकमेत वाटा घेऊ नये. मुंबईच्या एका वकिलाने वसुलीच्या निम्म्या रकमेचा करार केला होता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. पुढे २०१७ मध्ये, अपघात नुकसानभरपाईच्या प्रकरणातून उद्भवलेल्या वादात, न्या. गोयल आणि न्या. लळित यांच्या पीठाने टक्केवारीच्या फीला पुन्हा बेकायदा म्हटले.

यामागचे कारण शेतकऱ्याच्या भाषेत सांगता येते. वाटेकरी झालेला माणूस सल्ला देताना आपला वाटा विसरू शकत नाही. लोकअदालतीत तडजोडीचा आकडा पुढे येतो. शेतकऱ्याला पोरीच्या लग्नासाठी पैसे आज हवेत. वकिलाला नागपूर खंडपीठापर्यंत थांबण्यात लाभ दिसतो. कधी याच्या उलट घडते. दोन्ही वेळा सल्ला निर्मळ राहत नाही. शिवाय संत्र्याची झाडे किती, विहिरीला पाणी किती, शेजारच्या खरेदीखतात भाव काय, हे पुरावे मांडणाराच रकमेचा भागीदार असेल, तर आकडे फुगवण्याचा मोह त्यालाही होतो. वकील न्यायालयाचाही अधिकारी आहे, हे मग नुसते कागदावर उरते.

टक्केवारी नसेल तर गरीब कोर्टापर्यंत पोचणारच नाही, हा आक्षेप खोटा नाही. अमेरिकेत याच कारणाने ती पद्धत चालते. पण आपला नियम वाटा घ्यायला मनाई करतो; ठरावीक फी लेखी ठरवून हप्त्याने घ्यायला नाही. गरजूला मोफत मदत करणे हे तर आपल्याच आचारनियमांनी वकिलाचे मोठे कर्तव्य मानले आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. शेतावर जिचे नाव लागले आहे, अशा प्रत्येक विधवेला हे माहीत असायला हवे. ते सांगण्याचे काम गावातल्या शिकलेल्यांचे आहे, तसेच आम्हा लिहिणाऱ्यांचेही.

तरुण वकिलांना विनंती आहे: पक्षकाराच्या पैशाचा हिशेब चोख ठेवा. फी थकली म्हणून त्याची कागदपत्रे अडवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितले आहे. गैरवर्तन सिद्ध झाल्यास कलम ३५ खाली समज मिळण्यापासून सनद कायमची जाण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते.

आणि पिशवी घेऊन आलेल्या बांधवांनो, वकीलपत्रावर सही करण्याआधी फी आकड्यात लिहून घ्या. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा. कोऱ्या चेकवर सही मात्र कुणाच्याही शब्दावर करू नका.