शुक्र आणि सातबारा

नाटे गावात कोणालाही 'कसे आहात?' असे विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : 'अल्लाहचा शुक्र आहे.' जाळ्यात भरपूर मासळी लागली असली तरी हेच उत्तर आणि वाऱ्यामुळे चार दिवस होडी किनाऱ्यालाच उभी असली तरी हेच. बाहेरच्या माणसाला हा नुसता शिष्टाचार वाटतो. आपल्यातल्या काही शिकल्यासवरल्या मंडळींना मात्र तो खटकतो. ते म्हणतात, आहे त्यात समाधान मानण्याची ही सवयच आपल्या समाजाला मागे ठेवते. ज्याला भाकरी-बांगड्यातच सुख आहे, तो शाळेसाठी, रस्त्यासाठी, दवाखान्यासाठी भांडणार कशाला?

हा आक्षेप हसून सोडून देण्यासारखा नाही. रोजच्या साध्या गोष्टींचे मोल मानणारा माणूस अन्यायापुढे दुबळा होतो का, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

राजापूर तालुक्यात जैतापूर खाडीच्या उत्तर काठावर नाटे आहे. खाडीवर नजर ठेवून असलेला यशवंतगड, जवळच मुसाकाजी बंदर, पुढे आंबोळगड आणि मग मोकळा अरबी समुद्र. गावालगतच्या साखरीनाटे येथे दालदी मुसलमान मच्छीमारांची मोठी वस्ती आहे. कोकणातल्या इतर मुस्लिम गावांप्रमाणे इथल्याही घरांत मुंबईचा आणि आखाताचा पैसा येतो, पण जगण्याचा कणा समुद्रच. इथले सुख मोजायला बसले तर यादी फार लांबत नाही. पहाटेची अजान, विहिरीचे गार पाणी, तव्यावरून उतरलेली तांदळाची भाकरी, होडीतून थेट घरात आलेली मासळी, संध्याकाळी धक्क्यावर दोन घटका बसणे. यातली एकही गोष्ट दुर्मीळ नाही, आणि दुर्मीळ नाही म्हणूनच ती डोळ्यांना दिसत नाही.

इमाम गझाली (मृत्यू इ. स. ११११) यांनी 'इह्या उलूमिद्दीन' या आपल्या ग्रंथात सब्र आणि शुक्र यांवर मोठे प्रकरण लिहिले आहे. माणूस हवेबद्दल शुक्र मानत नाही, हे त्यांनी त्यात दाखवून दिले आहे. हवा सर्वांना मिळते, सदैव मिळते, म्हणून ती त्याला देणगी वाटतच नाही. त्याच माणसाचा गळा क्षणभर आवळावा किंवा त्याला कोंदट विहिरीत अडकवून मग बाहेर काढावे, म्हणजे त्याला श्वासाची किंमत कळते. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन वर्षांनी सुट्टीवर आलेला मुलगा आईकडे पंचपक्वान्ने मागत नाही. सुकटीची चटणी आणि भाकरी मागतो. तो जाण्यापूर्वीही ती भाकरी तशीच होती. बदलले ते त्याचे तिच्याकडे पाहणे.

'शुक्र' या शब्दाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. थोड्याशा चाऱ्यावर जे जनावर अंग धरते, खाल्लेले ज्याच्या अंगावर दिसते, त्या जनावराला अरबीत 'शकूर' म्हणतात, असे कोशकार सांगतात. म्हणजे शुक्र हा तोंडातून निघणारा शब्द होण्याआधी अंगावर दिसणारी खूण होता. याउलट 'कुफ्र' या शब्दाचा मूळ अर्थ झाकणे. बी मातीखाली झाकणाऱ्या शेतकऱ्यालाही जुन्या अरबीत काफिर म्हटले जाई. तेव्हा कुफ्रान-ए-नेअमत म्हणजे मिळालेली देणगी झाकून टाकणे, ती आपल्याला मिळालीच नाही असे वागणे. गझालींनीही शुक्राचे तीन भाग मानले आहेत : देणगी ओळखणे, तिच्यामुळे मनात आनंद होणे आणि त्या ओळखीनुसार कृती करणे. आपण बहुधा दुसऱ्या भागावर थांबतो. मनाला बरे वाटले, अल्हम्दुलिल्लाह म्हटले, की झाले.

याच प्रकरणात एक गोष्ट येते. एक माणूस आपल्या गरिबीचे रडगाणे गातो. एक जाणता त्याला विचारतो, दहा हजार दिरहम देतो, डोळे देशील का? नाही. वाचा देशील? नाही. हातपाय? नाही. बुद्धी? तीही नाही. मग तुझ्याजवळ एवढ्या हजारांची मालमत्ता असताना तक्रार कसली करतोस, असे तो जाणता म्हणतो.

ही गोष्ट सुंदर आहे, तशी धोक्याचीही आहे. गरीब माणूस स्वतःलाच ती सांगतो तेव्हा त्याची पाठ ताठ होते. पोट भरलेला माणूस ती उपाशी माणसाला सांगतो तेव्हा ती त्याचे तोंड बंद करते. मजुरी बुडवणाऱ्या मालकाने मजुराला शुक्राचा उपदेश करावा, याहून मोठी थट्टा नाही. घरातही हेच घडते. गरम भाकरीचे गुणगान करणारा पुरुष ती भाकरी थापण्यासाठी फजरच्याही आधी कोण उठले, याचा विचार क्वचितच करतो. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. तेव्हा साध्या गोष्टीचे मोल मानायचे तर त्या गोष्टीमागच्या हातांचेही मानावे लागते, आणि मोल मानणे म्हणजे कौतुकाचे दोन शब्द एवढेच नव्हे. त्या हातांना विश्रांती मिळते का, आजारपणात औषध मिळते का, हेही त्यात आले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शुक्र करणारा माणूस दुबळा असतो का? याचे एक उत्तर नाटे परिसरानेच दिले आहे. खाडीपलीकडे माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉटचा प्रकल्प उभारायचे ठरले. २०१० च्या डिसेंबरमध्ये फ्रेंच कंपनीशी करार झाला. पुढच्याच मार्चमध्ये जपानमध्ये फुकुशिमाचा अपघात झाला. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या गावांच्या जमिनी प्रकल्पासाठी घेण्यात आल्या होत्या. साखरीनाटेची जमीन त्यात जात नव्हती. कागदावर पाहिले तर या मच्छीमारांचे काहीच जात नव्हते. तरीही विरोधात ते मोठ्या संख्येने उतरले. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे आंदोलन पेटले, पोलीस ठाण्यावर हल्ला झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला. त्या दिवशीच्या हिंसेचे समर्थन करता येणार नाही, आणि अणुऊर्जा असावी की नसावी, हा वादही इथे सोडवायचा नाही. या लेखापुरता प्रश्न एवढाच, की ज्यांचा सातबारा जात नव्हता ते का उठले?

कारण समुद्राला सातबारा नसतो. भट्टी थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेतले जाणार आणि तापलेले पाणी परत समुद्रात सोडले जाणार, तेव्हा मासळी राहील का, बंदोबस्तामुळे खाडीच्या तोंडातून होड्यांना मोकळेपणी ये-जा करता येईल का, ही त्यांची धास्ती होती. ती कितपत रास्त होती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण जमिनीचा भाव हेक्टरी ठरवता येतो; पहाटे समुद्रावर जाण्याचा, ताज्या मासळीचा, बापाबरोबर मुलाने होडीत चढण्याचा भाव कोणत्या रकान्यात लिहायचा? ज्यांनी वर्षानुवर्षे या गोष्टींबद्दल 'शुक्र आहे' म्हटले होते, त्यांना काय गमावायचे आहे हे नेमके माहीत होते. ज्याला आपल्याजवळच्या देणगीची ओळखच नाही, त्याच्याकडून ती काढून घेणे सोपे असते. त्याला वाटते, आपल्याजवळ होते तरी काय!

म्हणून शिकल्यासवरल्यांच्या आक्षेपाला माझे उत्तर असे, की ते शुक्र आणि लाचारी यांची गल्लत करतात. लाचार माणूसही 'आहे ते ठीक आहे' असेच म्हणतो, पण ते किंमत न करता. शुक्र करणारा किंमत करून म्हणतो, आणि किंमत केल्यामुळे त्याच्यावर राखण्याची जबाबदारी येते.

ही जबाबदारी फक्त सरकारकडे बोट दाखवून पुरी होत नाही. समुद्र ही नेअमत असेल, तर बारीक आसाचे जाळे टाकून मासळीची पिल्ले उपसणे हीसुद्धा कुफ्रान-ए-नेअमतच. पर्ससीन मासेमारीवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले. पावसाळ्याच्या तोंडाशी मासळीच्या विणीसाठी होड्या बंद ठेवण्याचा नियम आहे. हे नियम चुकवून भरलेली टोपली घरी आणायची आणि वर अल्लाहचा शुक्र म्हणायचे, हे कोणत्या शुक्रात बसते? खाडीत प्लॅस्टिक टाकणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारता येईल. वजू करताना पाणी जपून वापरा, वाहत्या नदीच्या काठी असलात तरीही, अशी शिकवण पैगंबरसाहेबांच्या नावे सांगितली जाते. नदीकाठी पाण्याची टंचाई नसते. तरीही काटकसर सांगितली, यातच शुक्राचा सगळा अर्थ येतो. वस्तू संपत आल्यावर तिची किंमत कोणालाही कळते. ती भरपूर असताना कळावी, हे माणसाकडून अपेक्षित आहे.

गळा आवळला जाईपर्यंत थांबायचे नसेल, तर रोज एखादी तरी साधी गोष्ट नाव घेऊन मोजावी. आजचे पाणी, आजची भाकरी, ती करणारे हात, आजचा मोकळा समुद्र. आणि मोजून झाल्यावर स्वतःला विचारावे, की यातले काय राखण्यासाठी आज मी काही केले.