पहिल्या वर्षाची बांधणी



दरवर्षी बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाची धावपळ होते आणि आपल्यातील काही घरांतून जेवणाचे एक ताट कमी होते. कोणी रोज एस.टी.ने जयसिंगपूर-सांगलीला जाऊन-येऊन शिकतो, कोणी मिरजेला जाते, कोणी कोल्हापूरला वसतिगृहात राहते, कोणी थेट पुणे गाठते. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत ही मुले घरी येतात, तेव्हा आई-वडिलांना जाणवते की आपले लेकरू काही वेगळे झाले आहे. बोलणे बदलले आहे. प्रश्न वाढले आहेत. मोबाइल हातातून सुटत नाही. रविवारी मिस्साला चल म्हटले, तर "झोपू दे ना आई, तिकडे रोज लवकर उठावे लागते" असे उत्तर मिळते. मग घरात कोणी बोलून दाखवो वा न दाखवो, एक प्रश्न उभा राहतो : लेकरू वाढले, की हातचे गेले?

हा प्रश्न लहान नाही. म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षाविषयी आज आपण देवशब्दाच्या प्रकाशात थोडे चिंतन करू या.

प्रभू येशूच्या किशोरवयातील एकच प्रसंग शुभवर्तमानात आला आहे (लूक २:४१-५२). बारा वर्षांचा येशू वल्हांडण सणासाठी मरिया व योसेफ यांच्याबरोबर यरुशलेमला जातो आणि परतीच्या वेळी मागेच राहतो. एक दिवसाची वाट चालून झाल्यावर तो सोबत नाही हे त्यांच्या लक्षात येते. दोघे माघारी फिरतात. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो, गुरुजनांच्या मध्ये बसून ऐकत आणि प्रश्न विचारत. आई त्याला जाब विचारते. तो उत्तर देतो, पण ते उत्तर त्या दोघांना कळत नाही.

संत लूकने ही गोष्ट झाकून ठेवलेली नाही. पवित्र कुटुंबातदेखील मुलाचे बोलणे आई-वडिलांना समजले नाही, असा एक दिवस आला होता. पुढे काय झाले? मुलगा त्यांच्याबरोबर नासरेथला परतला व त्यांच्या आज्ञेत राहिला. आईने सारे मनात जपून ठेवले. तिला लगेच सर्व समजले असे नाही. तिने ते टाकूनही दिले नाही. आणि मग येशूची वाढ चार अंगांनी होत गेली, असे लूक सांगतो : बुद्धीची, देहाची, देवाशी असलेल्या नात्याची आणि माणसांशी असलेल्या नात्याची. देहाची वाढ आपोआप होते. उरलेल्या तिन्हींचा खरा कस कॉलेजच्या पहिल्या वर्षी लागतो.

प्रथम बुद्धीची वाढ पाहू. आपली पुष्कळ मुले मराठी माध्यमातून शिकलेली असतात. गावच्या शाळेत पहिल्या बाकावर बसणारी, बक्षिसे मिळवणारी. कॉलेजात गेल्यावर पुस्तके इंग्रजी, शिकवणे इंग्रजी, आणि वर्गात शंभर मुले अशी की ज्यांना आपापल्या गावी बक्षिसे मिळालेली असतात. पहिल्या सेमिस्टरचा निकाल हाती येतो आणि बारावीच्या गुणांचा अभिमान क्षणात उतरतो. अशा मुलाने संत इग्नेशियस लोयोला यांची आठवण ठेवावी. १५२१ साली पांप्लोना येथील लढाईत हा सरदार पायाला गोळा लागून जखमी झाला आणि त्याचे आयुष्य पालटले. पुढे शिकायचे ठरले तेव्हा लॅटिन येईना. १५२४ साली वयाच्या तिशी उलटल्यावर हा माणूस बार्सिलोना शहरात लहान मुलांच्या बरोबरीने लॅटिनचे धडे गिरवू लागला. त्याला लाज वाटली नसेल काय? परंतु देवाचे काम करायचे तर शिकले पाहिजे, हे त्याला उमगले होते. "सर, मला समजले नाही, पुन्हा सांगा," असे वर्गात उभे राहून म्हणता येणे, ही पहिल्या वर्षातील पहिली वाढ आहे. नम्रतेशिवाय विद्या चढत नाही.

परंतु परक्या ठिकाणी जाऊन शिकताना घ्यायचे काय आणि सोडायचे काय? पवित्र शास्त्रात दानिएलाची गोष्ट आहे (दानिएल १). नबुखद्नेस्सर राजाने यहूदी तरुणांना बाबेलला नेले. तीन वर्षांचे शिक्षण ठरले. तिथली भाषा, तिथले ग्रंथ, राजाच्या ताटातले अन्न आणि नवी नावे. दानिएलाने भाषा नाकारली नाही. ग्रंथही नाकारले नाहीत. नावे बदलली तरी तो भांडत बसला नाही. त्याने एका गोष्टीवर पाय रोवला : राजाच्या ताटातले खाऊन आपण विटाळायचे नाही. तेही आरडाओरडा करून नव्हे. त्याने अधिकाऱ्याला विनंती केली, दहा दिवस आम्हाला भाजीपाला व पाणी देऊन पाहा, मग ठरवा. आणि शिक्षण संपले तेव्हा हेच चौघे सर्वांत हुशार ठरले.

तरुण मित्रांनो, या गोष्टीत दोन टोके टाळलेली आहेत. सगळेच परके म्हणून तोंड फिरवणारा काही शिकत नाही. सगळेच नवे म्हणून गिळणारा स्वतःला गमावतो. नवी भाषा शिका, नवे विचार वाचा, प्रश्न विचारा. बारा वर्षांच्या येशूनेही ते विचारले. मात्र एक रेषा स्वतःशी आखून ठेवा आणि ती आधीच आखा. पहिल्या पार्टीत ग्लास पुढे आल्यावर, परीक्षेच्या हॉलमध्ये शेजाऱ्याने चिठ्ठी सरकवल्यावर रेषा आखायला वेळ मिळत नाही. आणि दानिएल एकटा नव्हता, हेही ध्यानात घ्या. त्याच्याबरोबर हनन्या, मिशाएल व अजऱ्या होते.

येथे आपण माणसांशी असलेल्या नात्याकडे येतो. संत फ्रान्सिस झेवियर १५२५ साली पॅरिसला शिकायला गेले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. घर एके काळी मोठे. पण वडील वारलेले आणि युद्धात वाड्याची पडझड झालेली. शिकून मानाची जागा मिळवावी ही त्यांची इच्छा होती. सेंट बार्ब कॉलेजात त्यांच्या खोलीत पीटर फेबर हा मुलगा होता, त्यांच्याच वयाचा, पण मेंढपाळाच्या घरातला. चार वर्षांनी, १५२९ साली, त्याच खोलीत इग्नेशियस राहायला आले. फेबर इग्नेशियसना अभ्यासात मदत करीत, इग्नेशियस फेबरना आध्यात्मिक मदत करीत. झेवियर मात्र बराच काळ दाद देत नव्हते. अखेर १५३४ च्या १५ ऑगस्टला मोंमार्त्र येथे सात मित्रांनी देवाला वचन दिले, त्यांत तिघेही होते. १५४२ साली झेवियर गोव्याला पोहोचले. पुढची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. फेबरना पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली संत म्हणून घोषित केले.

पालकहो, यातील वर्षे मोजून पाहा. १५२५ ते १५३४. पहिल्या वर्षी झेवियर संत झाले नाहीत. पहिल्या वर्षीचे झेवियर जर सुट्टीत घरी आले असते, तर त्यांच्या आईलाही काळजी वाटली असती. देवाने एका खोलीतून, एका मेंढपाळाच्या मुलाकरवी आणि दीर्घकाळ काम केले.

खोलीतल्या सोबत्याचे मोल आपल्या मातीतही दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा वसतिगृहात त्यांना नवल भथेना हे पारशी सोबती मिळाले. ती मैत्री जन्मभर टिकली. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा या मित्राने त्यांना पैशाची मदत केली. त्याच १९२० सालच्या मार्चमध्ये आपल्या शेजारच्या माणगावला परिषद भरली होती आणि राजर्षी शाहू महाराज बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले होते. महाराजांना खोलीचे मोल कळले होते. गावाकडचा मुलगा हुशार असला तरी शहरात डोके टेकायला जागा नसेल तर तो शिकणार कसा, म्हणून १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात एकामागून एक समाजांची वसतिगृहे उभी राहावीत यासाठी मदत केली. त्यांत ख्रिस्ती मुलांचेही होते. आपली मुले आज ज्या वाटेने जातात, ती वाट अशी तयार झालेली आहे.

मग देवाशी असलेल्या नात्याचे काय? येथे आपल्या शेतातलीच गोष्ट घेऊ. कॉलेजे भरतात त्याच सुमारास, जुलै-ऑगस्टमध्ये, आपल्याकडे आडसाली उसाची लागण होते. डोळा फुटतो, कोंब येतो आणि काही आठवड्यांत बुडख्याशी फुटवेच फुटवे दिसू लागतात. नवख्याला वाटते, एवढे सगळे ऊस होणार! शेतकऱ्याला माहीत असते की सगळे फुटवे टिकत नाहीत. पण म्हणून तो कोयता घेऊन शेतात शिरत नाही. तो आधी बाळबांधणी करतो, पुढे साधारण चार महिन्यांनी मोठी बांधणी करतो. म्हणजे मुळाशी माती चढवतो. त्याने नको ते उशिराचे फुटवे थांबतात, जोमदार ते वर येतात आणि मोठा झालेला ऊस वाऱ्या-पावसात लोळत नाही.

पहिले वर्ष म्हणजे फुटव्यांचा काळ. नवे केस, नवे कपडे, नवे मित्र, नवी मते, "देव खरेच आहे का?" हा प्रश्नसुद्धा. यांतले पुष्कळ आपोआप गळून जाईल. शेंडा धरून ओढल्याने ऊस सरळ होत नाही. घराने आणि धर्मग्रामाने करायची ती बांधणी, म्हणजे मुळाशी माती देणे.

आणि एक काळजीची गोष्ट. कृष्णा-पंचगंगेला पाणी चढू लागले की राजापूर बंधाऱ्याची पातळी आपण तासातासाला विचारतो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांनी आपल्याला ते शिकवले. पण मुलाच्या मनात पाणी चढते तेव्हा तिथे मोजपट्टी लावलेली नसते. विषय राहिलेला असतो आणि घरी सांगितलेले नसते. फीसाठी वडिलांनी काढलेले कर्ज डोळ्यांपुढे असते. कोणाला प्रेमात ठेच लागलेली असते, कोणाला खोलीत सगळे असून एकटे वाटत असते. फोनवर मात्र "बरं आहे, जेवलो" एवढेच उत्तर येते. तरुणांनो, नापास होणे हे पाप नव्हे. तो एक निकाल आहे, तुमची किंमत नव्हे. जीव नकोसा वाटू लागला तर लपवू नका. घरी सांगा, फादरांना सांगा, शिक्षकांना सांगा. कोणाशीच बोलवत नसेल, तर १४४१६ हा टेली मानसचा क्रमांक लावा. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. मदत मागणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे.

तेव्हा ही बांधणी करायची कशी? तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

विद्यार्थ्यांनी नव्या गावात पहिल्याच आठवड्यात जवळचे चर्च शोधावे आणि मिस्साची वेळ विचारून घ्यावी. रात्री झोपताना पाच मिनिटे तीन गोष्टी आठवाव्यात : आज देवाने काय दिले, आज कोणाला दुखवले, उद्या काय सुधारायचे. इग्नेशियस यांनी आपल्या सोबत्यांना रोज असेच अंतःकरण तपासायला शिकवले होते.

आई-वडिलांनी फोनवर मार्क आणि जेवण यांपलीकडे एक प्रश्न विचारावा : "तुझे तिथले मित्र कोण?" आणि उत्तर ऐकून घ्यावे. लगेच उपदेश करू नये. मरिया व योसेफ यांनी मुलाला शोधले ते स्वतः पायपीट करून. जमल्यास एकदा त्या खोलीवर जाऊन या.

आणि आपण धर्मग्राम म्हणून, सुट्टीत आलेल्या मुलांना "दिसत नाहीस हल्ली?" असा टोमणा मारू नये. त्यांना वाचन करायला द्यावे, गायनात उभे करावे, पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांना दोन गोष्टी सांगायला लावाव्यात. ज्याच्यावर काम सोपवले जाते, त्याला घर आपले वाटते.

लेकरू वाढले की हातचे गेले? मरियेलाही त्या तीन दिवसांत उत्तर ठाऊक नव्हते. ती शोधत राहिली, आणि तो पित्याच्या घरात होता.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू नासरेथच्या घरात लहानाचा मोठा झालास. घरापासून दूर शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींना चांगले सोबती दे, नम्र बुद्धी दे, आणि पडल्यावर परत उठायचे बळ दे. वाट पाहणाऱ्या आई-वडिलांना मरियेचा धीर दे. आमेन.