स्फटिक आणि जास्वंद

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या निवड समितीवर बसण्याचा प्रसंग आला असता, समोरच्या उमेदवाराच्या तोंडून ‘आणि’ऐवजी ‘आनि’ निघताच माझी लेखणी गुणांच्या रकान्यावर क्षणभर अडखळली. जागा हिशेबनिसाची होती. जमाखर्चात मूर्धन्य णकाराचे प्रयोजन ते काय, हा प्रश्न मला सुचला तो निवड आटोपून घरी परतल्यावर. कोणावर अन्याय करावा असा हेतू मनात नव्हता, एवढे म्हणून सुटका करून घेता आली असती. परंतु पाप हेतूत असते असे मानणारे आपले नीतिशास्त्र येथे तोकडे पडते, कारण या अपराधाला हेतूच नसतो.

एका वस्तूवर दुसरीचा धर्म आरोपून पाहणे याला वेदान्त्यांनी अध्यास असे नाव दिले आहे. दोरीवर भासणारा साप सर्वांच्या परिचयाचा. दिवा आणला की तो नाहीसा होतो. पण त्याच परंपरेत दुसरा, आणि माझ्या मते अधिक मोलाचा, दृष्टान्त आहे: जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो, आणि तो तांबडा नाही हे पक्के ठाऊक असलेल्या पंडितालाही तांबडाच दिसत राहतो. पहिला भ्रम निरुपाधिक, दुसरा सोपाधिक. या दुसऱ्यात ज्ञान पुरत नाही, फूल उचलून बाजूला ठेवावे लागते. नेमणुका करणाऱ्यांना पूर्वग्रहावर एखादे व्याख्यान ऐकवून जे निश्चिंत होतात, ते सापावरचा उतारा जास्वंदीवर चालवू पाहतात.

अर्जावरचे आडनाव हे असेच फूल होय. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे, केवळ नावे निराळी असलेले अर्ज पाठवून २००७ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत सवर्ण नावाच्या तुलनेने दलित नावाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश आणि मुसलमान नावाला सुमारे एक-तृतीयांश आढळला. ते अर्ज चाळणाऱ्यांत दुष्ट माणसे फारशी नसावीत. अमेरिकेतील वाद्यवृंदांनी वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा टांगला, आणि पुढे कोठे कोठे टाचांच्या आवाजावरून स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून गालिचाही अंथरला, तो याच समजुतीने. अर्थात पडदा कधीतरी सरतोच. उमेदवार समोर बसतो आणि बोलू लागतो. तेथे प्रश्न आधी लिहून ठेवणे, ते सर्वांना सारखेच विचारणे आणि आपसांत चर्चा होण्यापूर्वी प्रत्येकाने गुण कागदावर मांडणे, एवढेच आपल्या हाती राहते.

हा उपाय बहिरंग आहे, चित्तशुद्धीचे काय, असे कोणी विचारील. करवीर दरबारात १८९४ साली सामान्य प्रशासनाच्या ७१ पदांपैकी ६० ब्राह्मणांकडे होती, आणि ती भरणाऱ्या प्रत्येकाची आपण लायक माणूसच निवडला अशी प्रामाणिक खात्री असणार. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, तेव्हा त्यांनी कोणाच्या अंतःकरणाची झडती घेतली नाही. खातेप्रमुखांनी नव्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीस हुजुरांकडे रवाना करावा, एवढेच फर्मावले.