खोडलेला परिच्छेद कुणाचा?

जुलैत नेरळमध्ये लाइट जाणं ही काही बातमी नाही. माथेरानचा डोंगर भरदुपारी ढगात गेला की आई इन्व्हर्टरकडे बघते आणि बाबा कॉम्प्युटरकडे. आमच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि तीन दिवे चालतात, कॉम्प्युटर नाही. गेल्या जुलैत बाबांनी 'सेव्ह'वर क्लिक केलं आणि त्याच क्षणी अंधार झाला. तासाभराने लाइट आली, निळ्या पडद्यावर डिस्कची तपासणी झाली, आकडे पळाले. विंडोज सुरू झालं तेव्हा 'आठवणी' नावाची फाइल जागेवर नव्हती. चार वर्षांचं टायपिंग होतं ते.

मी ऐरोलीहून निघून ठाण्याला कर्जत लोकलमध्ये चढत होतो. बाबा निवृत्त शाळामास्तर, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायची सवय. त्या दिवशी गाडीच्या आवाजात मला त्यांचं बोलणं ऐकूच येईना. शेवटी कळलं. "अरे, गेलं सगळं."

मी म्हटलं, कॉम्प्युटर बंद करा, मी येईपर्यंत हात लावू नका.

हे तुम्हालाही कधी उपयोगी पडेल म्हणून सांगतो. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर फाइल जाते तेव्हा बहुतेक वेळा फक्त तिची नोंद जाते. अमुक फाइल अमुक जागी आहे, एवढीच ओळ पुसली जाते; मजकूर तिथेच पडून असतो आणि त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत टिकतो. म्हणून अशा वेळी नवीन काही इन्स्टॉल करायचं नाही, अगदी रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा नाही. तुमच्या लॅपटॉपमधल्या एसएसडीची गोष्ट वेगळी. तिथे 'ट्रिम' नावाची आज्ञा ही जागा आता मोकळी आहे असं डिस्कला सांगते, आणि डिस्क ती खरोखरच साफ करून टाकते. नवी यंत्रं विसरण्यात जास्त प्रामाणिक आहेत.

आमचं यंत्र 2008 चं. जुळवून देणाऱ्याने एक्सपी टाकलं होतं आणि सोबत त्याच्याकडे होतं ते जुनं वर्ड 2000. (लायसन्सबद्दल विचारू नका.) मी डिस्क काढली, तिची पूर्ण नक्कल केली आणि नकलेवर काम सुरू केलं. 'फाउंड डॉट झिरो झिरो झिरो' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये बेवारस तुकडे होते. डिस्क तपासणीला जे धागे कोणाचे ते कळत नाही, ते ती तिथे ठेवते. एका तुकड्याची सुरुवात 'डी-झिरो, सी-एफ, वन-वन, ई-झिरो' अशी होती. जुन्या वर्ड फाइलची ही सही. इंग्रजीत एका दमात वाचली तर 'डॉकफाइल'सारखी दिसते. कुणा इंजिनिअरची गंमत. फाइल मिळाली होती, पण मोडकी. नेहमीसारखी उघडेना. मग वर्डमधलाच 'रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल' हा पर्याय वापरला. तो फाइलची रचना बघत नाही, आतला सगळा मजकूर ओरबाडून बाहेर काढतो.

सगळा म्हणजे खोडलेलासुद्धा. जुन्या वर्डमध्ये 'फास्ट सेव्ह' अशी सोय होती. मशीन मंद असायची, म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण फाइल लिहिण्याऐवजी वर्ड नुसते बदल शेवटी जोडायचं. तुम्ही एखादा परिच्छेद काढलात तर तो पडद्यावरून जायचा, फाइलमध्ये राहायचा. पुढे मायक्रोसॉफ्टने ही सोय काढूनच टाकली. वर्ड फाइल आपल्या मालकाबद्दल काय काय बोलते याचा अनुभव ब्रिटिश सरकारनेही घेतलाय. फेब्रुवारी 2003 मध्ये इराकबद्दलचा एक दस्तऐवज त्यांनी वर्डमध्येच वेबसाइटवर ठेवला, आणि शेवटचे दहा बदल कुणाकुणाच्या खात्यावरून झाले ती यादी आतून निघाली.

तर बाबांच्या फाइलच्या शेवटी ढिगारा होता. आणि तो मला वाचता येत नव्हता. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे, पण आपल्याकडे टायपिंग शिकलेली एक अख्खी पिढी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फाँटांत लिहीत आली. त्यात मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांतच असतो, फाँट त्यांना मराठी चेहरा देतो. फाँट काढला की उरतात स्वल्पविराम, डॉलर आणि असंबद्ध इंग्रजी अक्षरं.

इथे मी अडकलो, आणि ते तांत्रिक कारणाने नव्हे. वरचा मजकूर बाबांनी ठेवलेला, त्याला फाँट लावणं हे माझं काम होतं. खालचा त्यांनी खोडलेला. तो चुकून नजरेला पडला असं म्हणायची सोय नव्हती. वाचायचा तर सिलेक्ट करून, फाँट निवडून, मुद्दाम वाचावा लागणार होता. रात्रीचे दोन वाजले होते.

मी वाचला.

2006 साली आमची वडिलोपार्जित जमीन विकली गेली. नेरळच्या आसपास तेव्हा फार्महाऊसवाल्यांची गिऱ्हाइकी सुरू झाली होती. आजोबा वारले होते. सातबाऱ्यावर वारस म्हणून आत्याचंही नाव लागलं होतं, आणि 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला होता. घेणाऱ्याने हक्कसोडपत्र मागितलं. आत्याने सही केली, तिला साडी-चोळी झाली. आमच्या घरात ही गोष्ट एवढीच सांगितली जाते. ठेवलेल्या 'आठवणीं'तही एवढीच आहे.

खोडलेल्या मजकुरात ती चार वेळा होती. एकात, "त्या काळी बहिणी हक्क सोडतच असत." दुसऱ्यात, "तिला पुरेसं समजावून सांगितलं गेलं नाही." तिसऱ्यात, "वारसनोंदीसाठी सही लागते असं मी तिला सांगितलं. तिच्याकडे चष्मा नव्हता, मी वाचून दाखवलं नाही." चौथ्यात एकच वाक्य होतं. "मी माझ्या बहिणीला फसवलं."

मला वाटलं, बाबांनी आधी खरं लिहिलं आणि मग पायरीपायरीने माघार घेतली. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये लक्षात आलं की तुकडे फाइलमध्ये ज्या क्रमाने पडलेत त्यावरून लिहिण्याचा क्रम ठरत नाही. कदाचित ते सबबीपासून निघून त्या एका वाक्यापर्यंत पोचले असतील आणि तिथे हात थांबला असेल. क्रम मी लावला होता, आणि तो लावताना मला बाबांचा राग आलेला होता.

खोडलेलं वाचायचा मला हक्क होता का? माझं पहिलं उत्तर, नाही. माणसाला कागदावर चुकायचा, बरळायचा आणि ते मागे घ्यायचा अधिकार हवा, नाहीतर कुणी लिहिणारच नाही. सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं तेव्हा ऑफिसात आम्ही त्यावर तावातावाने बोललो होतो. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही माहिती पुसून मागायचा हक्क आहे, पण घरगुती कामाला तो कायदा लागू नाही. बाप-लेकांत तो काही सांगत नाही, हे बरंच आहे.

असा विषय निघाला की कुणीतरी काफ्काचं नाव काढतं. मला मात्र देहू आठवत होतं. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरेची श्रद्धा. लहानपणापासून मला त्यात चमत्कार दिसायचा. आता दिसतो तो फरक: तिथे लिहिणाऱ्याला ते हवं होतं आणि दुसऱ्यांना नको होतं. माझ्या हातात वर आलेलं, लिहिणाऱ्यालाच नको होतं. मग मी वाचवलं ते कुणासाठी?

इथे माझं पहिलं उत्तर डळमळलं. तो परिच्छेद बाबांनी लिहिला असला तरी त्यात घडलेलं आत्याचं आहे. तिच्या बाबतीत जे झालं त्याची लेखी नोंद जगात दोनच ठिकाणी होती. एक निबंधक कार्यालयातला दस्त: शिक्का, साक्षीदार, आणि तिने राजीखुशीने, समजून-उमजून हक्क सोडल्याचं वाक्य. तो जपून ठेवलेला आहे, कायद्याने. दुसरी नोंद होती त्या ढिगाऱ्यात. बाबा जे पुसत होते ते फक्त त्यांचं लिखाण असतं, तर मी मान खाली घालून निघून गेलो असतो.

आणि मी काही तटस्थ तंत्रज्ञ नाही. त्या जमिनीच्या पैशातून वरचा मजला झाला, मुदत ठेवी झाल्या, त्या मोडून माझी इंजिनिअरिंगची चार वर्षं. तो कॉम्प्युटरसुद्धा त्यातलाच. मी गप्प बसलो असतो तर त्याला बाबांच्या खासगीपणाचा आदर म्हणता आलं असतं, आणि तो माझ्या सोयीचाही झाला असता. दोन्हींत फरक कसा करायचा, मला अजून कळलेलं नाही.

बाबांना मी दुरुस्त फाइल दिली. त्यांनी पानं वरखाली केली आणि विचारलं, "सगळं मिळालं?"

मी म्हटलं, "सगळं. तुम्ही काढलेलंसुद्धा."

ते काहीच बोलले नाहीत. चहा प्यायले, बाजारात जाऊन आले. त्यानंतर दोन आठवडे कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. मग एका रविवारी मी हा लेख, वरच्या ओळीपर्यंतचा, त्यांच्या फोनवर पाठवला. आवडला नाही तर कुठेच जाणार नाही, असंही सांगितलं. अक्षरं बोटांनी मोठी करत त्यांनी तो वाचला. म्हणाले, "हे माझ्याआधी तिला विचारायला हवं होतंस." बरोबर होतं ते, मला सुचलं नव्हतं. मी फोन उचलला तर म्हणाले, "तू नको."

भाऊबीजेला दरवर्षी आत्या येते. यंदा बाबा बदलापूरला गेले, एकटे, लेखाची प्रिंट घेऊन. रात्री दहाच्या लोकलने परतले. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही. छापायला तिची हरकत नाही, एवढं सांगितलं. आणि एक दुरुस्ती आहे म्हणाले.

"चष्मा होता तिच्याकडे. पिशवीत होता. मी सांगतोय म्हटल्यावर तिने काढला नाही."